रोज चार वेळा पंगा घ्यायचा: गालापागोस, एस्पान्योला बेटावरचा एक दिवस

आलेपाक (धागाकर्ती)

आधी पंग्याचा खुलासा करते, नाहीतर लोक भलत्याच अपेक्षेने धागा उघडतील. गालापागोसला (पॅसिफिकमधली इक्वाडोरची बेटं) आपली बोट बेटापासून लांब नांगर टाकून उभी राहते आणि तिथून किनाऱ्यापर्यंत छोट्या रबरी मोटरबोटीतून नेतात, तिला तिकडे 'पंगा' म्हणतात. पहिल्या संध्याकाळी गाईडने जाहीर केलं की उद्यापासून आपल्याला रोज चार वेळा पंगा घ्यायचाय, आणि मी, आई, बाबा तिघंही एकदम फिस्सकन हसलो. बाकीचे तेरा जण आमच्याकडे बघायला लागले, आता त्यांना काय कप्पाळ समजावणार.

तर गेल्या सप्टेंबरात आईबाबा ह्यूस्टनला आले होते तेव्हा जाऊन आलो. सोळा प्रवाशांची बोट, आठ दिवस. सगळं लिहायला बसले तर पुढची दिवाळी उजाडेल म्हणून एकाच दिवसाचं लिहिते. नवरा आला नाही, त्याला बाथटबमध्येसुद्धा बोट लागते.

बाबांबद्दल थोडं सांगायला हवं. बँकेतून रिटायर झाल्यापासून त्यांचं एकच, पक्षी. भिगवण, कवडीपाट, पाषाण तलाव. पहाटे साडेचारला उठायचं, मातकट शर्ट, मातकट टोपी, आणि मग झुडपाआड दोन दोन तास दबा धरून बसून लांबवरच्या एका ठिपक्याकडे बघत "अगं हलू नकोस, उडेल" असं कुजबुजायचं. लहानपणी मला वाटायचं की पक्षी म्हणजे जे आपण पोचायच्या आत उडतं ते.

एस्पान्योला हे गालापागोसमधलं अगदी आग्नेय टोकाचं बेट, साधारण ६० चौरस किलोमीटरचं, माणूसवस्ती शून्य. सान क्रिस्तोबाल बेटावरून रात्री निघालो. सप्टेंबरात तिथला समुद्र खवळलेला असतो हे मला बुकिंगच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं (म्हणजे लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं). आईचा चिवड्याचा स्टीलचा डबा रात्रभर केबिनच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घरंगळत होता, शेवटी बाबा तो पोटाशी धरून झोपले.

सकाळी सहाला डेकवर आलो तर आभाळ करडं आणि भुरभुर पाऊस, त्याला तिकडे 'गारुआ' म्हणतात. विषुववृत्ताला खेटून असलेली बेटं आणि आम्ही स्वेटर घालून उभे! दक्षिणेकडून येणारा थंड पाण्याचा प्रवाह या दिवसांत जोरात असतो म्हणून असं. पण त्याच थंड पाण्यामुळे मासळी भरपूर आणि म्हणून एवढे सगळे प्राणी, त्यामुळे तक्रार करायला जागा नाही.

पुंता सुआरेस नावाच्या टोकाला उतरायचं होतं. एक छोटासा धक्का आहे, त्यावर सात सी लायन (समुद्रसिंह) आडवेतिडवे पसरलेले, एसटी स्टँडवर रात्रीची गाडी चुकलेली माणसं झोपतात तसे. वास म्हणाल तर बोंबील वाळत घातलेल्या खळ्यावरून वारा आल्यावर येतो तोच, फक्त दहापट. गाईडने टाळ्या वाजवल्या. एकाने एक डोळा उघडला, शिंकला, परत झोपला. हात लावायचा नाही, ढकलायचं नाही, प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं असा पार्कचा नियम, आणि धक्का सगळा मिळून तीन मीटरचा. शेवटी अंग चोरून, एकमेकांचे हात धरून कडेकडेने चढलो. आईने जाता जाता "येते हं" म्हटलं त्याला.

पुढे घोरपडी. म्हणजे समुद्री इग्वाना. एकमेकांच्या अंगावर पाय टाकून, ढिगाच्या ढीग. बाकीच्या बहुतेक बेटांवर त्या काळ्याकुट्ट असतात, इथल्यांच्या अंगावर लाल आणि हिरवट छटा, डिसेंबर-जानेवारीत तर म्हणे अगदी भडक होतात. समुद्रात बुडी मारून शेवाळ खातात आणि पोटात गेलेलं जास्तीचं मीठ नाकातून पिचकारी मारून बाहेर टाकतात. ते मीठ वाऱ्याने परत त्यांच्याच डोक्यावर पडून वाळतं, त्यामुळे सगळ्यांची कपाळं पांढरी, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. मी फोटो काढायला वाकले तेव्हा एकीने नेम धरून माझ्या लेन्सवर पिचकारी मारली. लेन्स पुसायचं फडकं बोटीवर. त्यानंतरचे अर्धे फोटो धुक्यातले आलेत ते गारुआमुळे नाहीत.

आणि बाबा! बाबा अख्खी सकाळ कुजबुजत होते. वाटेवर निळ्या पायांचा बूबी (समुद्रपक्षी) बसलेला, शब्दशः वाटेवर, आम्हीच त्याला वळसा घालून चाललोय, तरी बाबा गुडघ्यात वाकून दबक्या पावलांनी. गाईड दोनदा म्हणाली, सर, सरळ चाला, यांना काही फरक पडत नाही. बाबा मान हलवायचे आणि परत वाकायचे. एके ठिकाणी तर ते सवयीने एका झुडपामागे उकिडवे बसले, दुर्बीण काढली, आणि तेवढ्यात तिथला मॉकिंगबर्ड टुणटुण उड्या मारत आला आणि बुटावर बसून त्यांची नाडी ओढायला लागला. बाबांनी श्वास रोखून धरलेला. नाडी सुटली. पक्ष्याने ती जरा चघळून बघितली, चव आवडली नाही बहुतेक, मग पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर चोच मारायला गेला. बेटावर गोडं पाणी नाही, त्यामुळे बाटली दिसली की हे पक्षी धावत येतात, पण थेंबभरही द्यायचा नाही. बाबा माझ्याकडे बघून कुजबुजले, "हा मला घाबरत का नाहीये?" आवाजात आनंद नव्हता, थोडा अपमान होता.

मग अल्बट्रॉस. खरं तर यांच्यासाठीच ही बोट निवडली होती. वेव्हड अल्बट्रॉस जगात घरटी करतो ती जवळपास सगळी याच एका बेटावर, एप्रिल ते डिसेंबर. जानेवारीत गेलात तर बेट रिकामं. पंख उघडले की सव्वादोन मीटरच्या आसपास, हवेत राजा, आणि जमिनीवर चालताना मात्र दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन पुढे ढकललेल्या माणसासारखा डुलत डुलत.

वाटेपासून जेमतेम तीन मीटरवर एक जोडी होती. आधी दोघं समोरासमोर वाकले. मग पिवळ्या लांब चोची एकमेकींभोवती गोल फिरवायच्या, मग खटाखट आपटायच्या, टिपऱ्या खेळल्यासारख्या, मग एकाने चोच आ वासून स्तब्ध राहायचं, मग दोघांनी माना आभाळाकडे करून गायीसारखं हंबरायचं. परत पहिल्यापासून. मधेच एक जण थांबला आणि बाजूच्या खड्याकडे बघत बसला. दुसरी (किंवा दुसरा, दिसायला सारखेच) जरा वाट बघून परत वाकली. हा परत खडा. ती परत वाकली. आमच्यातल्या एका यादीवाल्या गृहस्थांनी "ओके, डन" म्हणून टिकमार्क केली आणि ते पुढे ब्लोहोल (खडकातल्या भोकातून समुद्राचं पाणी उसळतं ते) बघायला गेले. आम्ही चाळीस मिनिटं उभे होतो. खडेवाला शेवटी वळला आणि दोघांनी एवढ्या जोरात टिपऱ्या वाजवल्या की आईने आपसूक टाळी वाजवली. गाईडसकट सगळे हसले. अल्बट्रॉसना काही नाही.

उडायचं म्हणजे यांना जागेवरून उठता येत नाही, कड्याच्या टोकापर्यंत धावत जाऊन स्वतःला खाली झोकून द्यावं लागतं. एकजण आमच्या मागून आला, वाट आम्ही अडवलेली, तर थांबून राहिला. आम्ही बाजूला झालो. तो डुलत पुढे गेला, धावला, कड्याच्या पलीकडे दिसेनासा झाला आणि दोन सेकंदांनी खालून वर आला तेव्हा तो वेगळाच प्राणी होता.

दुपारचं स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघायचं) आणि संध्याकाळचं प्रतिसादात लिहिते, मुलीला शाळेतून आणायची वेळ झाली.

टिकलूताई

किती मस्त लिहिलंयस! नाडी!! बाबांना नमस्कार सांग. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

काटेकोर

छान वृत्तांत. एक दुरुस्ती, इग्वाना म्हणजे घोरपड नव्हे. घोरपड मॉनिटर लिझर्ड, ती अंडी, उंदीर, बेडूक खाणारी. इग्वाना वेगळ्या कुळातला आणि शाकाहारी. समुद्रात जाऊन खाणारा सरडा जगात हा एकच. एल निन्योच्या वर्षी पाणी तापून शेवाळ मेलं की यांची उपासमार होते आणि तेव्हा हे लांबीनेसुद्धा आखडतात, वीस टक्क्यांपर्यंत. नुसतं वजन उतरणं नाही, सांगाडाच लहान. पुन्हा खायला मिळालं की परत वाढतात.

सागरगोटा

म्हणजे सिंहगडावर ही घोरपड चढवली असती तर अर्ध्या कड्यावर शेवाळ खात बसली असती आणि मावळे खाली.

काटेकोर

अजून एक, कुणी लिहायच्या आत. डार्विन एस्पान्योलावर उतरलाच नव्हता. १८३५ साली पाच आठवडे तो या बेटांत होता पण पाय ठेवला फक्त चार बेटांवर: सान क्रिस्तोबाल, फ्लोरेआना, इसाबेला, सांतियागो. आणि त्याच्या डोक्यात उत्क्रांतीचा किडा वळवळला तो फिंचपेक्षा (चिमणीएवढे छोटे पक्षी) मॉकिंगबर्डमुळे जास्त, बेटागणिक ते वेगळे आहेत हे त्याच्या लक्षात आलं होतं. फिंचच्या नमुन्यांवर बेटाचं नाव लिहायचं त्याने नीट सांभाळलंही नव्हतं. तेव्हा नाडी ओढणाऱ्याचा मान मोठा आहे.

आलेपाक

काटेकोर, तुमचं आयडी नाव सार्थ आहे :) घोरपडीची दुरुस्ती मान्य. बाबांना मॉकिंगबर्डचं वाचून दाखवलं, एकदम खूश.

आता दुपार. बोट तासाभरात फिरून बेटाच्या ईशान्येला गार्डनर बे ला गेली. जेवण झालं, आणि मग वेटसूट. ओल्या वेटसूटमध्ये शिरणं म्हणजे भिजलेल्या गोणपाटात स्वतःला ठासून भरणं. पाणी वीस डिग्रीच्या आसपास. मी पस्तिशीनंतर क्लास लावून पोहायला शिकलेली, त्यामुळे लाईफ जॅकेट घालून पंग्याच्या दोरीला चिकटून. बाबा पंग्यातच बसून राहिले. आणि आई, वय ६८, वाईची, लहानपणी कृष्णेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली, ती मास्क लावून अशी सरळ गेली की गाईडला मागे जावं लागलं.

पाण्याखाली सी लायनची पिल्लं येतात. जमिनीवरचा तो आळशी पोत्यासारखा प्राणी पाण्यात गेल्यावर रबराचा होतो. सरळ आपल्या तोंडावर चाल करून येतात, अगदी काचेपाशी आल्यावर गिरकी घेऊन खाली. एक आईच्या समोर उलटं, डोकं खाली करून लटकलं आणि तोंडातून बुडबुडे सोडायला लागलं. आई म्हणाली "काय रे बाळा". स्नॉर्केलमधून. पाणी नाकातोंडात, ठसका, आई वर. पिल्लूही वर! आई खोकतेय आणि हे शेजारी डोकं बाहेर काढून बघतंय की हा कुठला खेळ. दुसऱ्याने माझ्या फिनचं टोक तोंडात धरून ओढलं, मी किंचाळले ते पाण्याखाली कुणाला ऐकू जाणार. दोन मीटरचा नियम आपल्याला आहे, त्यांना नाही.

नंतर बीचवर. पांढरीशुभ्र वाळू आणि त्यावर किनाराभर सी लायन. तिथलं एक पुढे लिहायचंय पण ते नंतर.

हिशेबनीस

वाचनखूण साठवली. मूळ प्रश्न: खर्च किती, शाकाहारी मिळतं का, आणि बोट लागणाऱ्यांनी काय करायचं. क्रमाने उत्तर द्यावे.

आलेपाक

क्रमाने जमणार नाही, जेवण आधी. भात रोज. आणि मेनेस्त्रा म्हणून एक प्रकार असतो, मसूर किंवा राजमा घालून केलेला, तो म्हणजे आपली पातळ उसळच, फक्त फोडणी विसरलेली. हिरव्या केळ्याचे चेपून तळलेले काप मिळतात, पाटाकोनेस, त्यावर आईची चटणी टाकून बाबांनी आठ दिवस काढले. बटाटा-चीजचं सूप फार छान. बुकिंग करतानाच मांस नाही, मासा नाही, चिकनसुद्धा नाही असं तीनदा लिहा, आमच्या एजंटने नुसतं 'शाकाहारी' कळवलं होतं तर पहिल्या रात्री ट्यूना आला.

बोट लागण्यावर: गोळी उलटी व्हायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही, निघायच्या आधी घ्यायची, डॉक्टरला विचारून. केबिन खालच्या मजल्यावरची आणि मधली घ्या, टोकाची नको. क्षितिजाकडे बघत बसायचं, फोनकडे नाही. आणि आलेपाक. माझा आयडी उगाच नाहीये.

खर्चाचा आकडा सांगून उपयोग नाही, बोटीबोटीत जमीनअस्मानाचा फरक आहे. पार्कची फी मात्र ठरलेली, १ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी मोठ्या माणसाला २०० डॉलर, त्याआधी १०० होती. शिवाय २० डॉलरचं ट्रान्झिट कार्ड विमानात बसायच्या आधी.

पाठीवरची_पिशवी

सगळ्यांना क्रूझ परवडत नाही म्हणून लिहितो. मी सान क्रिस्तोबालला गावात राहिलो आणि एस्पान्योला एका दिवसात करून आलो, स्पीडबोटीने जायला दोनेक तास, यायला तेवढेच. अल्बट्रॉस तेच, इग्वाना तेच. पाठीचा कणा मात्र वेगळा होऊन येतो. गावातसुद्धा सी लायन बाकावर झोपलेले असतात, बसायला जागा मिळत नाही. बोटीवर राहण्याचा फायदा एवढाच की सकाळी सहाला तुम्ही तिथे हजर असता आणि आम्ही पोचेपर्यंत ऊन डोक्यावर.

भिगवणरिटर्न

बाबांचं कुजबुजणं वाचून गहिवरलो, आम्ही सगळे तसेच. विचारायचं होतं, नाझ्का बूबी दिसले का? पांढरे, चोच नारिंगी. विचारतोय अशासाठी की पूर्वी त्यांना मास्क्ड बूबीचीच उपजात धरायचे, आणि मास्क्ड बूबी आपल्याकडे कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात वादळाने भरकटून येतो. थकून किनाऱ्यावर बसलेला सापडतो, लोकांना वाटतं बदक आहे. एकदा तसा हातात घेऊन बघितलाय, वनखात्याचे लोक येईपर्यंत खोक्यात ठेवला होता. नजर विलक्षण असते.

आलेपाक

दिसले ना! कड्याच्या कडेला. गाईडने त्यांची एक गोष्ट सांगितली ती ऐकून आई म्हणाली हे कळलं नसतं तर बरं. दोन अंडी घालतात, काही दिवसांच्या अंतराने. दोन्ही फुटली तर थोरलं पिल्लू धाकट्याला घरट्याच्या बाहेर ढकलून देतं. आईबाप शेजारी बसलेले असतात, काही करत नाहीत. दुसरं अंडं म्हणजे पहिलं दगावलं तर असावं म्हणून.

चिंचोका

धागा आवडला पण एक विचारू का, राग मानू नका. एवढ्या लांब विमानं उडवून, डिझेल जाळून, जिथे माणूस नाही तिथे माणसं उतरवायची आणि मग म्हणायचं बघा प्राणी कसे घाबरत नाहीत. नाही घाबरत म्हणून तर एकेकाळी व्हेलच्या शिकारी जहाजांनी तिथली कासवं उचलून नेली, जिवंत, तळघरात रचून, महिनोन् महिने ताजं मटण म्हणून. लाखाच्या वर गेली असावीत असं म्हणतात.

आलेपाक

राग कशाला. हे डोक्यात तिथेही होतं, आणि डिझेलच्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही. तिथली व्यवस्था सांगते, कारण ती मला आवडली: ९७ टक्के जमीन नॅशनल पार्क, ठरलेल्या जागीच उतरायचं, आखलेल्या वाटेवरूनच चालायचं, सोळा माणसांमागे एक परवानाधारक गाईड, संध्याकाळी सहाच्या आत बेट रिकामं. एका बोटीला त्याच जागी चौदा दिवसांत परत जाता येत नाही. प्रत्येक वेळी परत येताना पाय आणि बूट धुवायचे, एका बेटाचं बी दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून. बाबांच्या मोज्याला एक कुसळ चिकटलं होतं तर खलाशाने चिमट्याने काढलं.

मालवणी_मासळी

चिंचोका, तुमचा मुद्दा बरोबर असा पण आमच्याकडची उलट तऱ्हा बघा. डॉल्फिन दाखवतो म्हणून कोकणात होड्या निघतात, एक डॉल्फिन वर आला की सात आठ होड्या इंजिन फुल्ल करून त्याच्यावर, पोरं शिट्ट्या मारतायत, तो बिचारा खाली जातो तो पार पलीकडे. इंजिन बंद करून गप्प बसलं तर तोच जवळ येतो हे आमच्या आजोबांना ठाऊक होतं. पण गिऱ्हाईकाला दहा मिनिटांत डॉल्फिन होया. वेळासला कासवांच्या वेळी लोक गप बसतात ना ओळीत? तिथे जमतं मग इथे काय होतं.

सागरगोटा

मालवणी +१. वेळासला पिल्लं समुद्राकडे सोडताना मी बघितलंय, दीडशे माणूस दोरीच्या मागे आणि चिटपाखरू बोलत नव्हतं. नंतर चहाच्या टपरीवर मात्र सगळे एकदम.

टिकलूताई

आलेपाक, ते बीचवरचं लिहायचं राहिलंय ना तुझं?

आलेपाक

हो. लिहू की नको करत होते.

बीचवर एक पिल्लू होतं, हाडं मोजता येतील असं. झोपलेल्या प्रत्येक मादीपाशी जायचं, पोटाशी तोंड घालायचं, ती हुंगायची आणि दात दाखवून हाकलायची. मग पुढची. माद्या फक्त आपल्याच पिल्लाला पाजतात, वासावरून आणि आवाजावरून ओळखतात. आम्ही तिथे होतो तेवढ्यात त्याने अकरा ठिकाणी प्रयत्न केला, आई मोजत होती. गाईड म्हणाली त्याची आई समुद्रात गेली असेल, कधी कधी दोन तीन दिवस लागतात. आईने विचारलं आणि नाही आली तर? गाईड म्हणाली शार्क असतात. मग काही करत का नाही तुम्ही? नाही करत. जाळं अडकलं असेल, गळ रुतला असेल, माणसामुळे झालं असेल तर पार्कचे लोक येतात, पण हे त्यांचं त्यांचं.

मग ते पिल्लू आमच्याकडे आलं. आईच्या दिशेने. आई मागे सरली, नियम म्हणून, ते पुढे आलं. आई परत मागे. असं पार पाण्यापर्यंत. सकाळपासून जे आम्हाला गोड वाटत होतं ना, की हे प्राणी आपल्याकडे येतात, तेच. शेवटी ते तिथेच वाळूत पडलं आणि झोपलं.

रात्री आई जेवली नाही. "कसली मेली शिस्त ती" एवढंच म्हणाली. बाबा तिला समजवायला गेले की मासळी मोजकी असते, एकाला वाचवलं तर वगैरे, तर म्हणाली, मला सगळं कळतंय, तुम्ही बोलू नका.

चिंचोका

माझा प्रश्न मागे घेत नाही पण आईंना नमस्कार.

काटेकोर

वातावरण जड झालं म्हणून एस्पान्योलाचीच एक खरी हकीकत. १९६० च्या दशकात या बेटावर महाकाय कासवं उरली होती फक्त चौदा, बारा माद्या दोन नर, आणि एवढी विखुरलेली की एकमेकांना भेटतच नव्हती. माणसांनी सोडलेल्या बकऱ्यांनी बेट बोडकं केलं होतं. ती चौदा सांताक्रूझ बेटावरच्या पैदास केंद्रात आणली, आणि अमेरिकेत सान डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात एक नर सापडला तो पंधरावा, म्हणून त्याचं नाव डिएगो. १९७८ पर्यंत बेटावरच्या बकऱ्या संपवल्या. पिल्लं वाढवून वाढवून सोडली, दोन हजारांच्या आसपास, आणि जून २०२० मध्ये ते पंधराही म्हातारे परत घरी सोडले. तेव्हा चिंचोकांच्या कासवांचा थोडा तरी हिशेब चुकता.

हिशेबनीस

डिएगोची बातमी वाचली होती, आठशे पोरांचा बाप वगैरे.

काटेकोर

त्यातही गंमत आहे. डीएनए तपासल्यावर डिएगोच्या वाट्याला चाळीसेक टक्के पिल्लं निघाली. उरलेली जवळपास सगळी दुसऱ्या एका नराची. तो शांतपणे काम करायचा, त्याला नाव नाही, नुसता नंबर: ई-५. पेपरात फोटो डिएगोचा.

सागरगोटा

आमच्या ऑफिसातला ई-५ मीच.

टिकलूताई

मी पण!! अप्रेझलच्या दिवशी ही बातमी चिकटवते.

भिगवणरिटर्न

हाहा. आलेपाक, एक शेवटचं, दुर्बीण कोणती नेली होती बाबांनी? मी ८ बाय ४२ की १० बाय ४२ (आठपट की दहापट मोठं दाखवणारी) यात अडकलोय.

आलेपाक

८ बाय ४२ घ्या, हलत्या बोटीवर १० वाली धरवत नाही, चित्र थरथरतं. शिवाय तिथे लांबचं काही बघायचंच नसतं. संध्याकाळी बोट निघाली तेव्हा फ्रिगेटबर्ड डेकच्या वर तरंगत होते, हात वर केला तर लागतील इतके, आणि अंधार पडल्यावर बोटीच्या दिव्यात पांढरे गल, शेपटीला खाच असलेले, रात्री शिकार करणारे. बाबा त्यांच्याकडे मान वर करून मोठ्या आवाजात म्हणाले, "या, बसा." त्या दिवसातलं त्यांचं पहिलं न कुजबुजलेलं वाक्य. दुर्बीण तेवढ्या दिवसात त्यांनी एकदाच डोळ्याला लावली, दुपारी, आम्हाला न्यायला पंगा निघालाय का ते बघायला.